बेचाळिसावा

विष्णुपुरीच्या पाण्यावर थंडीभर मुक्काम केलेले हंस मार्चमध्ये उत्तरेकडे परत निघतात. त्या सकाळी थवा उठायच्या बेतात होता आणि मी दुर्बीण लावून तो तिसऱ्यांदा मोजत होते.

"एक्केचाळीस," म्हणत मी वहीत लिहिलं.

"बेचाळीस हायेत!" काठावरच्या शेतातून केरबामामा ओरडले. थंडीभर पत्र्याचा डबा बडवून, शिव्या घालून या हंसांना आपल्या हरभऱ्यातून हाकलणारा हा माणूस. त्याचं काय ऐकायचं?

"मामा, तीनदा मोजले मी."

"मंग तुमची दुर्बीण लबाड हाय, म्याडम. जरा दम धरा." त्यांनी झोपडीकडे तोंड करून हाक मारली, "पारबते, सोड गं त्येला!"

पार्वतीबाईंनी दारातलं कोंबड्यांचं डालगं उचललं. आतून एक हंस बाहेर आला. त्याच्या पंखाला हळदीचा पिवळाजर्द डाग होता. त्यानं पंख दोनदा झटकले, पाण्याकडे धूम ठोकली आणि उडून थेट थव्यात जाऊन बसला.

"महिन्यामागं कुत्र्यानं धरला हुता," पार्वतीबाई म्हणाल्या.

मी वहीतला आकडा खोडला. "आणि महिनाभर खायला काय घातलंत याला?"

त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "त्येंनाच इचारा."

मामांनी हातातला डबा हळूच पाठीमागे नेला.

"हरभरा," ते म्हणाले. "दुसऱ्या कशाला तोंडच लावंना, नवाबाची औलाद!"