खडू खाली ठेवल्यावर

बाईंनी ओल्या फडक्याने फळ्यावर एक लांब पट्टा ओढला. तो कडेने सुकू लागला, तशा त्या वर्गाकडे वळल्या.

"हे पाणी कुठं चाललंय?" त्यांनी विचारलं आणि हातातला खडू टेबलावर ठेवला.

खडू खाली म्हणजे सगळे गप्प. कुणी ओरडायचं नाही, शेजाऱ्याला उत्तर पुरवायचं नाही, नुसता विचार करायचा. खडू उचलला की मग बोलायचं. घरी आईबापांचं एक ऐकत नसतील अशी कार्टी, पण वर्गातला हा कायदा इमानाने पाळत. बाईंना तो सुचला होता भिंतीवरच्या तक्त्यावरून. तक्ता मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, प्रशिक्षणाहून आणून स्वतःच्या हाताने चिकटवला होता: 'प्रश्न विचारल्यावर थांबा. वेळ दिला की जास्त मुले बोलतात, असे संशोधन सांगते.'

मोठ्या बाई आज मागच्या बाकावर बसल्या होत्या. खिडकीजवळच्या मुलीसाठी आल्या होत्या. वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं नावच गुळणी पडलं होतं. आजही बोलली नाही तर उद्यापासून तिची रवानगी कच्च्या मुलांच्या तुकडीत. तिकडून परत आलेलं पोर बाईंनी अजून पाहिलं नव्हतं.

पट्टा अर्धा सुकला. पुढच्या बाकावरचे दोघे हुशार उत्तर ओठांत दाबून चुळबुळत होते. गुळणीने फळ्याकडे पाहिलं. मग एक बोट जिभेला लावून ओलं केलं, त्यावर फुंकर मारली आणि बोट निरखून पाहिलं. तिचे ओठ हलले. हात बाकावरून जरासा उचलला गेला. बाईंची बोटं खडूकडे निघाली.

"वर्ग आहे की झोपायची जागा?" मागून मोठ्या बाई कडाडल्या. "एवढं सोपं येत नाही? बाष्पीभवन! म्हणा सगळ्यांनी!"

"बाष्पीभवन!" वर्ग म्हणाला.

"समजलं?"

"होऽऽ!"

गुळणीचा हात खाली गेला होता.

मोठ्या बाई पर्स घेऊन उठल्या. "पाहिलंत? नुसती बघत बसते. उद्या तिचं दप्तर तिकडे पाठवून द्या."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर त्यांनी हीच घडी यावी म्हणून जिवाचं रान केलं होतं, आणि ती या बाईने पायाखाली तुडवली होती, वर पोरीच्या गप्प राहण्यालाच पुरावा म्हणून दाखवत होती. खडू बाईंच्या मुठीत आला होता.

"तोंडाशी आलं होतं तिच्या उत्तर! तक्ता तुम्ही लावलात ना, मोठ्या बाई? मग तुम्हालाच का थांबता आलं नाही?"

आणि त्यांनी खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

वर्ग चिडीचूप झाला. हुशारांनी ओठ मिटले. सगळ्या माना मागे वळल्या आणि पोरं शांतपणे मोठ्या बाईंकडे पाहू लागली. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. मोठ्या बाई तक्ता पुन्हा वाचू लागल्या. फळ्यावरचा पट्टा पुरता सुकून गेला.

बाईंचा राग काही ओसरेना. अजून पुष्कळ सुनावायचं होतं. त्यांचा हात खडूच्या तुकड्यावर पडला.

"बाई." खिडकीजवळून बारीक, खरखरीत आवाज आला. तो कुणाचा, हे वर्गालाही कळायला जरा वेळ लागला. "खडू उचलू नका ना. मोठ्या बाईंचा विचार चाललाय अजून."