फुगे

"बंध मोजा, चार आले की एसपी-थ्री ठोका, डोकं चालवू नका!" ही केमिस्ट्रीच्या क्लासच्या संचालकांची, रेणूचा आकार ओळखायची ट्रिक नंबर सतरा. ती शिकवताना बिराजदारमॅडमना स्वतःच्याच तोंडाची शिसारी यायची. मिथेनचे चार बंध चहूकडे का पसरतात, हे सांगायला म्हणे वेळ नाही!

आज त्यांनी चार सारखे फुगे तोंडाशी एकत्र बांधले. एकमेकांना रेटत फुगे आपोआप चार दिशांना वळले. अख्खा वर्ग पुढे झुकला.

तेवढ्यात संचालक आत शिरले. "मॅडम, कुणाचा वाढदिवस?" म्हणत त्यांनी फलकावरची टाचणी उपटून एक फुगा फोडला.

उरलेले तीन फुगे सरकले आणि सपाट पसरले.

"मॅडम," मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, "तीन बंधांचं एसपी-टू सपाट का असतं, ते आत्ता कळलं!"

संचालकांचे डोळे लकाकले. "लिहून घ्या रे," ते म्हणाले, "ट्रिक नंबर अठरा."