नमुन्यातलं नाव

तीन वाजून गेले तरी काळू कचेरीच्या दारातच उभा होता. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. मागे जिन्यावर मजूर संस्थेची चार-पाच माणसं, वैशाखऱ्याहून त्याच्यासोबत निघालेली. बंधाऱ्याच्या कामाची निविदा तीनच्या आत जायची होती. ती गेली एवढं कानांनी ऐकायचं आणि मगच गावाकडची एसटी पकडायची, असं ठरवून सगळे शहापूरला आले होते.

आत संगणकासमोर त्याची मुलगी संघरत्ना बसली होती. तिला मान वळवून बापाकडे बघवत नव्हतं.

"टाइम झाला ना गो?" काळू म्हणाला. "गेली ना आपली?"

"नाय गेली, बाबा."

"सकाळी तर भरली म्हनालीस."

"भरली होती. आता संस्थेचं नावच नाय यंत्रात."

ठेकेदारांना निविदा भरायला लागणारं सॉफ्टवेअर ही कचेरी चालवत असे. ते बनवणाऱ्या प्रशांतने यंदा त्यात नवी सोय केली होती. ठेकेदाराच्या संगणकाने इथल्या संगणकाला परस्पर हुकूम सोडायचा : दर बदल, कागद जोड, काढून टाक. त्या हुकमांची माहितीपुस्तिका लिहायचं काम संघरत्नाकडे होतं. 'काढून टाक' हा त्यातला सगळ्यात वाईट. नाव द्यायचा अवकाश, की तो ठेकेदार त्याच्या साऱ्या निविदांसकट नाहीसा. माणूस निदान एकदा विचारतो, खरंच का रे बाबा? यंत्र यंत्राला तसलं काही विचारत नाही. म्हणून तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एकदा काढलेलं परत मिळत नाही.' आणि खाली एक नमुना दिला होता.

नमुन्याला नाव लागतं. "अबक कन्स्ट्रक्शन टाक," प्रशांत म्हणाला होता. पण घरात नवं भांडं आलं की आपण त्यावर कुणा अबकचं नाव घालत नाही. तिचं लिहिलेलं पहिल्यांदाच छापून येणार होतं. तिने बापाच्या संस्थेचं नाव घातलं. हौस, दुसरं काय!

पुस्तिका मुरबाडच्या एका ठेकेदाराकडे गेली. तिथल्या नव्या कारकुनाला मालकाची एक जुनी नोंद काढायची होती. त्याने नमुना समोर ठेवला आणि गाइडातलं उत्तर उतरवावं तसा अक्षर न् अक्षर, नावासकट उतरवला. दुसऱ्याच्या नावाला हात लावता येऊ नये म्हणून जे कुलूप घालायचं, ते प्रशांत पुढच्या आठवड्यात घालणार होता. आज दुपारी कारकुनाचाच फोन आला. "म्याडम, पुस्तकात हाय तसंच केलं, तरी आमचं नाव निघत नाय." तेव्हापासून ती आणि प्रशांत घाईघाईने निविदा पुन्हा भरायला बसले, पण सह्यांचे कागद गावी आणि काळू एसटीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काका, चूक माझी," प्रशांत उठून म्हणाला. "कुलूप आधी घालायला हवं होतं."

"नाय," संघरत्ना म्हणाली. "बाबा, नाव मी घातलं. त्या पोराने मी लिवलं तेवढंच केलं."

जिन्यावरून म्हातारा नवसू पुढे आला.

"काळू, काय म्हनते पोर? काम लागलं का?"

भात झोडून झालं की त्यांच्या वस्तीतली घरं कुलपं लावून वीटभट्टीवर जातात. पोरंबाळं, कोंबड्या, सगळं घेऊन. यंदा काळू स्वतः दारोदार फिरला होता. बंधाऱ्याचं काम आपल्याला मिळतंय, कुणी हलू नका. न्यायला आलेला भट्टीचा ट्रक त्याने रिकामा परत धाडला होता. त्याच्या शब्दावर नवसूच्या सुनेने लेकीला शाळेत बसवलं होतं.

"नाय लागलं," काळू म्हणाला. "नवसू, पोरीला यंदा काढ शालेतून."

मग तो आत आला आणि संघरत्नाच्या टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवत म्हणाला, "लावू?"

तिने फोन त्याच्याकडे सरकवला. भट्टीवाल्याचा नंबर त्याला पाठ होता.

"शेठ, काळू बोलतो. ट्रक धाडा. हां, सगल्यांसाठी. माझं चुकलं, शेठ." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. संघरत्नाला रडू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला.

काळूने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पुस्तिकेतलं तेच पान. चहाच्या टपरीपासून तलाठ्यापर्यंत त्याने ते सगळ्यांना दाखवलं होतं, माझ्या पोरीने छापलं म्हणून. संघरत्नाला वाटलं, आता फाडेल. बापाने रागाने ते फाडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्याने पान टेबलावर ठेवलं आणि घडी हाताने सपाट केली.

"ह्याच्यातलं नाव बदल गो," तो म्हणाला. "कोनाचंच नसंल असं घाल."

तो चपला घालून खाली गेला. माणसं त्याच्या मागोमाग उतरली.

संघरत्नाने पेन घेतलं आणि संस्थेचं नाव खोडलं. वर जागा रिकामी होती. ती नावं आठवू लागली. सुचेल ते प्रत्येक नाव कुणाचं तरी होतं.