सुकन्याचं उत्तर

लातूरच्या कार्यालयात विशाखा दिवसभर तक्रारीच ऐकायची. त्यांच्या अ‍ॅपवर वर्गणी भरून पोरी खोलीसाठी सोबतीण शोधायच्या, आणि काही बिनसलं की विशाखावर डाफरायच्या. नांदेडच्या सुकन्याबद्दलच्या तक्रारी तर थांबतच नव्हत्या. ती प्रत्येकीला "आहे" असं कळवायची, पण तिच्या खात्यावरच्या पत्त्यावर भलतंच कुटुंब राहत होतं. आज एक पोरगी सामानासकट त्या दारातून परत फिरली होती.

विशाखानं तणतणत सुकन्याचा नंबर लावला. फोन एका बाईनं उचलला.

"मी तिची आई, केवळाबाई. हिमायतनगरहून बोलून राहिले."

"सुकन्याला द्या."

"ती न्हाई आता. नांदेडलाच गाडीनं उडवलं तिला. पोळ्याला वरीस झालं."

विशाखानं पडद्यावर सुकन्याच्या खात्यातली ताजी उत्तरं पुन्हा पाहिली. "मग पोरींना उत्तरं कोण देतं?"

"मीच."

"मावशी, आज एक लेकरू बॅगा घेऊन परक्या गावात भटकत होतं हो."

"लई चुकलं माझं. बंद करा ते."

विशाखानं खातं बंद केलं. सुकन्याचा हसरा फोटो पडद्यावरून गेला. तरी तिला राहवेना. "पण मावशी, खोलीच नव्हती, तर 'आहे' कशाला म्हणायचात?"

"खोलीचं कुठं, बाई! पोरी लिहायच्या, 'सुकन्या, आहेस का?' मला न्हाई म्हनवलंच न्हाई."