नंबर जुळणारा बोल्ट

एव्हर्ट गेला, आणि महिन्याभरानं त्याची स्वीडिश लष्करातली जुनी रायफल न्यायला सिक्स्टन त्याच्या घरी आला. सिक्स्टनला असल्या रायफली जमवायचं वेड. दोघं एकाच नेमबाजी क्लबमधले. एव्हर्ट दर शनिवारी यायचा, सगळ्यांना कॉफी ओतायचा, पण स्वतः कधी एक गोळी झाडायचा नाही. "कंजूस लेकाचा, गोळ्या वाचवतो!" म्हणून सिक्स्टन त्याला भर मैदानात चिडवायचा.

कपाटातून रायफल काढताच तो चमकला. "अहो वहिनी, हिचा बोल्ट कुठंय? गोळी आत सरकवणारा भाग हो! सगळ्या भागांवर एकच नंबर असतो. दुसरा बोल्ट मला चालायचा नाही."

"तळ्यात आहे," एव्हर्टची बायको इंगेर म्हणाली. "मासे धरायला बर्फात भोक पाडलं होतं, त्यातून मीच टाकला. झाली कितीतरी वर्षं."

"वेड लागलं होतं का तुम्हाला?" सिक्स्टन ओरडलाच.

"हे गोठ्यात रायफलची नळी स्वतःकडे वळवून बसलेले दिसले मला, त्या दिवशी."

सिक्स्टननं हातातली रायफल हळूच खाली ठेवली.

"नंतरही दर रविवारी रायफल पुसून ठेवायचे," इंगेर म्हणाली. "बोल्ट कुठे गेला, असं मात्र मला एकदाही विचारलं नाही."