खोल्यांची यादी

"उघडणा नाय रे ह्या," शेवंती म्हणाली.

"नीट दाब गो आये."

"चारदा दाबलंय."

दत्तप्रसाद उद्या सकाळी मस्कतला निघायचा होता. आपल्या मागे कोणी पाहुणा आलाच, तर आईला दाखवता यावं म्हणून त्याने देवबागच्या घरातल्या त्यांच्या होमस्टेची स्वतः बनवलेली वेबसाइट आज पहिल्यांदाच तिच्या फोनवर उघडून दिली होती. 'खोल्या' या शब्दावर बोट टेकलं की यादी घसरत अर्धी खाली यायची आणि बोट उचलताच वर पळायची. बिळातल्या कुर्लीसारखी.

त्याने फोन घेतला, दाबून बघितलं. मग लॅपटॉप उघडला. माऊसचा बाण शब्दावर नेला, तर यादी सुरेख खाली आली आणि थांबली. पुन्हा फोन. पुन्हा बाण. पाचव्या खेपेला त्याचा हात थांबला.

"काय झाला रे?"

"बाण वर आसलो तर ह्या उघडा रवता. फोनार बाण खंय आसता?" तो आईकडे न बघता म्हणाला. "मी सगळा लॅपटॉपवरच बघितलंय. लोक फोनारच बघतत गो."

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत माणसं अशी वेबसाइटच्या दारातूनच परत गेली होती. शेजारच्या मथुराकडे मात्र पडवीत चटया टाकून पाहुणे झोपत होते.

शेवंतीला वेगळंच आठवलं. दहा दिवसांपूर्वी ती देवळात गेली होती. घराला गिऱ्हाइकाचा पाय लागत नाही, पोराने परदेशी जावं का, असं तिने गुरवाकरवी देवीला विचारलं. देवीने उजवा कौल दिला, म्हणजे जावं. तोवर दत्तप्रसाद जायला तयार नव्हता. कौल ऐकला आणि त्याने तिकीट काढलं.

"परत विचारूया?" तो म्हणाला.

"एकदा घेतलेलो कौल परत मागूचो नसता, बाबा."

"मग यादी उघडणा नाय ह्या तू देवीक खंय सांगितलंस?"

"माका खंय म्हायत होता रे?"

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. दोन ओळी पुसल्या, तीन लिहिल्या. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आता बघ."

यादी खाली आली आणि राहिली. शेवंतीने बोट लावलं. पान उघडलं. दोन खाटा, निळ्या चादरी, खिडकीतून खाडी. पाच महिन्यांत कोणीही न बघितलेलं पान. तळाशी त्याने काहीतरी लिहिलं होतं. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली.

'मी दत्तप्रसाद. कधीही या, मी घरीच असतो.'

"ती ओळ काढूक होयी," तो म्हणाला आणि फोनसाठी हात पुढे केला.

शेवंतीने फोन पदराखाली घेतला.