डेलाचे ओठ

पडद्यावर नायक गुडघे टेकून लग्नाची मागणी घालत होता, आणि मिस टल तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. त्या जन्मापासून बहिऱ्या. मूकपटातले नट कॅमेऱ्यासमोर वाटेल ते बोलतात. मिस टल ते ओठांवरून वाचायच्या. नायक म्हणत होता की जोडा चावतोय, लवकर सुटका करा. त्या कामाला होत्या त्या मोज्यांच्या गिरणीतल्या सगळ्या बहिऱ्या बायका दुपारच्या खेळाला अशाच भलत्या जागी हसायच्या.

शेजारी बसलेला ऑर्विल पेक हसला नाही. तो सुतार. या चित्रपटातलं घर त्यानेच उभं केलं होतं आणि त्याच्या बायकोने, डेलाने, त्या घरात मरणाऱ्या आईचं काम केलं होतं. त्याच हिवाळ्यात ती तापाने खरीच गेली. तेव्हा ऑर्विल परगावी होता. शेवटचं ती काय बोलली, ते ऐकायला कोणीच नव्हतं. निदान पडद्यावरचं तरी कळावं, म्हणून त्याने आपल्या शेजारणीला, मिस टलना, आणलं होतं. संध्याकाळच्या गाडीने रिळं पुढच्या गावी जाणार होती.

डेला पलंगावर दिसली. तिचे ओठ हलले. मग पडद्यावर संवादाची पाटी आली: 'माझ्या लेकराला जपा.'

मिस टल आपल्या सपाट आवाजात म्हणाल्या, "तसं नाही म्हणाल्या. 'रडतोस काय, ऑर्विल, मेले नाहीये अजून.'"

ऑर्विल खरंच रडला होता चित्रीकरणाच्या त्या दिवशी, कॅमेऱ्यामागे दिवा धरून उभा असताना. आता त्याला हसू आलं. पुढच्या खेळालाही बसू, असं त्याने पडद्याच्या उजेडाकडे तोंड करून त्यांना सांगितलं.

दुसऱ्या खेळाला रिळं तीच, पियानोही तोच. डेलाचे ओठ हलले. मिस टल काही बोलेनात. ऑर्विलने त्यांचा हात हलवला.

"शब्द बदललेत," त्या म्हणाल्या.

फिल्म कशी बदलेल, असं ऑर्विल म्हणाला.

"मला म्हणाल्या. 'बाई, त्याला घरी ने. बसू देऊ नकोस इथे.'"

ऑर्विल त्यांच्याकडे वळला.

"आणि मला? मला काही म्हणाली?"

मिस टलनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर डेलाच्या तोंडावर पांढरी चादर ओढून झाली होती. सगळे मान खाली घालून उभे होते. मिस टल पुढे झुकून चादरीकडे बघत होत्या. त्यांनी बोट वर करून त्याला थांबवलं. त्या अजून वाचत होत्या.